निफाडचा घड, फुल्यांची मंडई

स्वारगेटहून भुयारी मेट्रोत बसलं तर नीट टेकायच्या आत मंडई येते. सरकता जिना आम्हांला जमिनीखालून वर आणून सोडतो आणि एकदम आभाळ उघडं पडतं. फेब्रुवारीतली सकाळ, पावणेसातचा सुमार. पूर्वेकडे नुसतं फटफटलंय. त्या फिक्या उजेडात काळ्या दगडाचा एक अष्टकोनी मनोरा वर चढत गेलेला दिसतो.

धाकटा भाऊ मान मागे टाकून बघत राहतो. अंगात निफाडच्या थंडीचं जाड जॅकेट, कानाला मफलर, काखेत सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका.

"दादा, हीच का ती मंडई?"

"हीच."

"मला वाटलं, पत्र्याची शेड असंल. हे तर चर्चसारखं दिसतंय."

तो चुकत नाही. टोकदार कमानी, निमुळता मनोरा, घडीव दगडी भिंती हे सगळं गॉथिक वळणाचं काम आहे. विलायतेत ज्या घडणीत प्रार्थनामंदिरं बांधली, त्याच घडणीत इथे मेथीच्या जुड्या आणि वांग्यांच्या पाट्या ठेवायला जागा केली. धाकटा भिंतीजवळ जातो आणि दगडावर तळवा टेकवतो. "आपल्या विहिरीचा दगड," तो म्हणतो. खरंच, विहीर खोदताना सुरुंग लावून फोडलेला आमच्याकडचा काळा पाषाण हाच. इथे त्याला छिन्नीने चौरस करून एकावर एक बसवलंय, एवढाच फरक.

काल रात्री नऊला आम्ही निफाड सोडलं. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असं करत दोनशेच्या वर किलोमीटर टेम्पोत बसून आलो. थंडीच्या दिवसांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा किती खाली उतरला, हे राज्यभरच्या वर्तमानपत्रांत छापून येतं. वाचणाऱ्यांना त्याचं कौतुक वाटतं. तो आकडा छापला जातो त्या रात्री धाकटा झोपलेला नसतो. बागेच्या कडेने शेकोट्या पेटवायच्या, धूर ओळींवर पसरू द्यायचा, पहाटे ठिबक सोडायचं, आणि दिवस उगवला की घडाखाली हात घालून मण्याला तडा गेला का ते बघायचं. ऑक्टोबरात गोडी छाटणी केल्यापासून हा माणूस डावणी आणि भुरी हे रोग, अवकाळी पाऊस आणि थंडी या चौघांशी झगडत आलेला असतो.

दरसाल व्यापारी बागेवर येतो, सौदा करतो, माल उतरवून नेतो. यंदा टोकाकडच्या ओळींचा थोडा माल मागे राहिला. तो आपणच पुण्याला नेऊन बघू, असं धाकट्याने ठरवलं. पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कॅरेट उतरली, माल विकला गेला, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडली. ती त्याने एकदा वाचली, घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि अजून तिच्याविषयी एक शब्द काढलेला नाही. काखेतला खोका आत्यासाठी राखलाय. आत्या इथेच शुक्रवार पेठेत राहते. मी म्हणालो, इथवर आलोच आहोत तर मंडई बघू आणि मग आत्याकडे जाऊ.

आम्ही इमारतीला बाहेरून फेरी घालतो. मधल्या मनोऱ्यापासून बाजाराच्या लांब भुजा चहूकडे फाकलेल्या आहेत, त्यांवर उतरती छपरं. मनोऱ्याची उंची ऐंशी फुटांच्या घरात आहे. आज भोवती त्याहून उंच इमारती झाल्या, पण ही उभी राहिली तेव्हा पेठांतल्या वाड्यांच्या कौलांवरून ती कुठूनही दिसत असणार.

त्याआधी पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर विकली जाई. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. म्हणून नगरपालिकेने शुक्रवार पेठेत सरदार खासगीवाल्यांची जागा घेतली. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केलं. फर्ग्युसन कॉलेजची दगडी इमारतही त्यांच्याच हातची. खर्च तीन लाख रुपयांच्या आसपास झाला आणि १८८६ सालच्या ऑक्टोबरात बाजार सुरू झाला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड रे होते. त्यांच्या नावावरून 'रे मार्केट' म्हटलं जाऊ लागलं.

धाकटा ऐकतो आणि विचारतो, "आणि भाजीवाल्यांना विचारलं होतं का कोणी?"

हा प्रश्न ऐकून मी थबकतो. कारण असाच प्रश्न नगरपालिकेच्या सभागृहात एका माणसाने आधीच विचारून ठेवलाय, आणि त्याचंच नाव आज या दारावर आहे. पण ते सांगायच्या आत आम्ही कमानीखालून आत शिरलेले असतो आणि बाजार आम्हांला ओढून घेतो.

आत अजून दिवे लागलेले आहेत. उंच छपराखाली गारवा साठून राहिलाय. पहिल्यांदा नाकाला कळतं: ओली कोथिंबीर, आलं, भिजलेलं गोणपाट, कुठेतरी पेटलेली उदबत्ती. मग कानाला: पाट्या आपटल्याचा आवाज, "बाजू, बाजू" म्हणत डोक्यावर ओझं घेऊन पळणारा पाटीवाला, वर छपराच्या कैच्यांमध्ये पारव्यांची फडफड. डोळ्यांना सगळ्यात शेवटी. विक्रेते उंच ओट्यांवर बसलेत आणि त्यांच्या भोवती भाजी पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली आहे. माणूस मध्ये आणि चारी बाजूंनी टोमॅटो, गवार, दोडकी, गाजरं. देवीपुढे आरास मांडावी तशी ही मांडणी रोज पहाटे नव्याने होते आणि रात्रीपर्यंत विकून मोडली जाते. एक बाई कोबीच्या गड्ड्याची वरची पानं सोलून तो फडक्याने पुसते आणि दिव्याकडे तोंड करून ठेवते. एक म्हातारा लिंबांचा ढीग लावतोय. एकेक लिंबू उचलून, फिरवून, डागाची बाजू आत दडवतोय.

कांद्याच्या ओट्यापाशी धाकट्याचे पाय आपोआप थांबतात. तो एक कांदा उचलतो, अंगठ्याने साल चोळतो, बुडखा दाबून बघतो.

"रांगडा आहे. आपल्याकडचा असंल का?"

"नगरचा," ओट्यावरचा पोरगा सांगतो. "तुम्ही कुठले?"

"निफाड."

"म्हणजे लासलगाववाले!" पोरगा हसतो. "तुमच्याकडे भाव फुटला की आमच्याकडे गिऱ्हाईक ओरडायला लागतं."

लासलगाव आमच्याच तालुक्यात. १९४७ साली तिथे बाजार समिती झाली. आज तिथल्या लिलावात कांदा काय भावाने गेला, यावर दिल्लीपर्यंत हालचाल होते. या ओट्यावरच्या पोराने लासलगाव पाहिलेलं नाही आणि धाकट्याने मंडई आज पहिल्यांदा पाहिली. दोघं एकाच बाजाराच्या दोन टोकांना आयुष्यभर उभे आहेत आणि एकमेकांना भावाच्या आकड्याने तेवढं ओळखतात.

फळांच्या बाजूला एका ओट्यावर सत्तरीच्या पुढची एक मावशी बसलीय. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर द्राक्षाचं उघडं खोकं. हातात शिंप्याची असते तशी बारीक कात्री. घड डाव्या हाताने देठाला धरून उचलते, उजेडात फिरवते, चिरडलेला किंवा मऊ पडलेला मणी दिसला की देठासकट कापून डब्यात टाकते. मण्यांना बोट लावत नाही. बोट लागलं की त्यावरची पांढुरकी साय पुसली जाते आणि द्राक्ष शिळं वाटायला लागतं. आमच्या बागेतल्या बाया विरळणी करताना घड असाच धरतात. धाकटा तिच्या हातांकडे टक लावून बघतोय.

"काय देऊ दादा?"

"काही नको मावशी. बघतोय. माझीपण बाग आहे."

ती कात्री थांबवते. "कुठं?"

"निफाडला. आत्ताच माल दिला यार्डात."

"मग बस की," ती म्हणते आणि ओट्याच्या कडेचं गोणपाट झटकते.

धाकटा बसत नाही. घसा साफ करून विचारतो, "मावशी, हे कितीला किलो लावता?"

ती भाव सांगते. धाकटा खिशातली पट्टी काढत नाही, त्याला तिचा आकडा पाठ आहे. मलाही आहे. मावशीच्या भावात त्याच्या हाती पडलेला भाव दोनदा बसतो आणि वर थोडं उरतं.

मावशीला ते समजतं. तिने असे चेहरे पाहिलेले असणार. ती रागावत नाही, हातही झटकत नाही. कात्री खोक्यात ठेवते आणि बोटांवर मोजू लागते. "यार्डात पहाटे तीनला माझा पोरगा जातो. आडत्याचं वेगळं. तिथली उचलायची हमाली, टेम्पोचं भाडं, इथं उतरवायची हमाली. गाळ्याचं भाडं, लाइट. मग हे." ती डबा पुढे करते. तळाशी कापलेले, सुटलेले मणी साठलेत. "खोक्यामागं एवढं जातंच. दुपारपर्यंत अजून गळतंय. सांजच्याला राहिलेलं निम्म्यानं द्यावं लागतं. उरलं तर घरी नेते, नातवंडं खातात." मग जरा थांबून म्हणते, "माझ्या सासूनं इथंच बसून पाच लेकरं वाढवली. मी तीन वाढवली. बंगला नाही बांधला रे बाबा कुणी."

धाकटा मान डोलावतो. त्याला भांडायला माणूस सापडत नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. वाटेतल्या प्रत्येकाने आपापलं काम केलंय. हमालाने पाठ वाकवलीय, टेम्पोवाल्याने रात्र जागवलीय, या बाईने एकेक घड निवडलाय. तरी पट्टीवरचा आकडा आणि ओट्यावरचा आकडा यांच्यामध्ये त्याची पाच महिन्यांची जागरणं कुठेतरी हरवलीत.

"चहा घेऊन येतो मावशी," मी म्हणतो आणि त्याला बाहेर काढतो.

बाहेर आता चांगलं उजाडलंय. मनोऱ्याच्या टोकावर पहिलं ऊन आहे. लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याजवळ चहाच्या टपरीशी माणसं जमलीत. २२ जुलै १९२४ रोजी पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते या पुतळ्याचं अनावरण झालं. अनंत चतुर्दशीला पुण्याची विसर्जन मिरवणूक निघते ती इथूनच. टिळकांना हार घातला जातो, मानाचा पहिला कसब्याचा गणपती पुढे होतो, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत ढोलताशे थांबत नाहीत. मंडईचा स्वतःचा गणपतीही आहे. झोपाळ्यावर शारदेसह बसलेला शारदा-गजानन. हमाल, भाजीवाले, फळवाले, सगळ्यांचा तो घरचा देव.

चहाच्या कपावरून दोन म्हातारे एकमेकांना महापालिकेच्या कारभारावरून फैलावर घेतायत. तिसरा मधूनच तुकडा टाकतो. पुण्यात या जागेला 'मंडई विद्यापीठ' म्हणतात, ते याचसाठी. निवडणुकीच्या प्रचाराची शेवटची सभा मंडईत झाली म्हणजे पुढाऱ्याची खरी परीक्षा झाली, असा इथला समज. समोर पाटी घेऊन बसलेला माणूस भर सभेत प्रश्न विचारायला कचरत नसे. पलीकडे वाहनतळ दिसतोय, तिथे पूर्वी आर्यन सिनेमा होता. १९१५ साली सुरू झालेलं हे पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह. १९८३ साली ते पाडलं. भाजी विकून उरलेल्या पैशांत तिकीट काढून पडद्यासमोर बसलेल्या किती पिढ्या त्या जागेवर हसल्या-रडल्या असतील.

"तू मगाशी विचारलंस ना, भाजीवाल्यांना विचारलं होतं का म्हणून," मी धाकट्याला म्हणतो. "जोतीराव फुल्यांनी तसाच प्रश्न विचारला होता."

जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. इथून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की गंज पेठेत त्यांचा वाडा लागतो. मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्यात फुलांचा धंदा आला आणि आडनाव फुले झालं. म्हणजे फुलं आणि भाजी, पाटी आणि ओटा या माणसाला घरातून ठाऊक. लाखांनी पैसा ओतून मंडईची ही भव्य इमारत उभारायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते, त्यांच्या स्वागतापायी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हाही बत्तीस सभासदांत विरोध करणारे जोतीराव एकटेच. नगरपालिकेचा पैसा कुणाच्या घामातून येतो आणि कुणासाठी जातो, एवढाच त्यांचा हिशोब.

"मग नाव त्यांचं कसं?" धाकटा विचारतो.

ते नाव लागायला इमारतीला पन्नासहून अधिक वर्षं वाट पाहावी लागली. टिळकांच्या पुतळ्यानंतर वर्षभराने, १९२५ साली, केशवराव जेध्यांनी पुणे नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारायचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. शहरात त्यावरून मोठं वादळ उठलं. मग १९३८ साली आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'ची महात्मा फुले मंडई झाली. पुढे १९५४ साली अत्र्यांनीच 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. मुंबईत १८६९ साली झालेल्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज फुल्यांचंच नाव आहे. महाराष्ट्राच्या दोन मोठ्या शहरांचे जुने बाजार एका शेतकऱ्याच्या पोराच्या नावाने ओळखले जातात. ज्या इमारतीवरच्या खर्चाला त्याने हरकत घेतली, तिच्याच दारावर त्याचं नाव आहे. मला वाटतं, हरकत अजून कायम आहे म्हणूनच ते नाव तिथे शोभतं. या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते: हे सगळं कुणासाठी?

"आणि यात आपल्या निफाडचा माणूसपण आहे," मी सांगतो.

धाकटा हसतो. "रानडे."

आमच्या गावातल्या कुणाही पोराला हे सांगावं लागत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मले. गावातलं वैनतेय विद्यालय ज्या संस्थेचं आहे तिला त्यांचंच नाव आहे. १८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेपासून मुलींच्या हुजूरपागा शाळेपर्यंत या शहरातलं जे जे नवं होतं त्याला त्यांचा हात लागला. देशात कारखाने निघावेत, कारागिरी टिकावी, यासाठी त्यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली, ते साल १८९०. त्याच काळात लॉर्ड रे यांच्या नावाचं औद्योगिक वस्तुसंग्रहालय पुण्यात झालं आणि ते या मंडईच्याच वरच्या मजल्यावर होतं. खाली भाजी, वर देशी हुन्नराचे नमुने. पुढे ते घोले रस्त्यावर गेलं आणि आज त्यालाही महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणतात.

रानडे आणि फुले यांचं नातं सरळ नव्हतं. १८७५ साली स्वामी दयानंदांची मिरवणूक पुण्यात निघाली तेव्हा सनातन्यांनी चिखल फेकला. त्या मिरवणुकीत रानडे होते, आणि तिच्या रक्षणाला आपली माणसं घेऊन जोतीराव आले होते. त्यानंतर दहा वर्षांनी रानड्यांनी एका भाषणात सांगितलं की तीस वर्षांपूर्वीपेक्षा शेतकऱ्याची स्थिती आता बरी आहे. जोतीरावांनी 'इशारा' हे पुस्तक लिहून ते खोडून काढलं. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी दोनच वर्षांपूर्वी लिहिला होता. कर्जरोखे, कोर्टकचेऱ्या, पाटबंधाऱ्याचं पाणी, मजुरी हे सगळं त्यांनी शेताच्या बांधावरून पाहिलेलं. रानड्यांनी शेतकऱ्याचा विचार केला नव्हता असं म्हणता येत नाही. सार्वजनिक सभेने दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली, ती त्यांच्याच काळात, आणि शेतीला स्वस्त कर्ज कसं मिळेल यावर ते सतत लिहीत आले. पण एकाने शेतकरी कागदावरच्या आकड्यांत पाहिला आणि दुसऱ्याने त्याच्या अंगणात बसून.

"तुला कोण खरं वाटतं?" मी विचारतो.

धाकटा चहाचा शेवटचा घोट घेतो. उत्तर द्यायला वेळ लावतो.

"घराकडं बघून विचारशील तर रानडे. आजोबांच्या घरात दोन वेळची भाकर नव्हती, माझी पोरगी इंजिनिअरिंगला आहे." मग तो वरच्या खिशावर हात ठेवतो. "आणि ही पट्टी बघून विचारशील तर फुले."

दीडशे वर्षांच्या वादावर इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

म्हातारे उठतात. टपरीवाला कप विसळतो. मी पुन्हा त्या मनोऱ्याकडे बघतो. पॅरिसमधला 'ले आल' हा शहराच्या मधोमध असलेला बाजार १९६९ साली गावाबाहेर नेला आणि त्याचे लोखंडी मांडव पुढे पाडून टाकले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधला भाजीबाजार १९७४ साली हलला. इमारत राहिली, पण आता तिथे प्रवासी हिंडतात आणि दुकानं शोभेच्या वस्तू विकतात. इथेही घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला. तरी या छपराखाली अजून भाजी विकली जाते, घासाघीस होते, उधारी चालते, म्हाताऱ्या बायका वांगं दाबून बघतात. ही इमारत जपायची असेल तर तिचे ओटे भरलेले राहिले पाहिजेत. दगड कसेही टिकतील. इथे पिकवणारा आणि खाणारा यांच्यातलं अंतर एका ओट्याइतकं उरतं, आणि तेवढंही उरलं नाही तर धाकट्याने आज मावशीला जे विचारलं ते विचारायला तो कुठे जाणार?

"चल, आत्या वाट बघत असेल," मी म्हणतो.

"थांब जरा." तो वळतो आणि पुन्हा कमानीखालून आत जातो.

मावशीच्या ओट्यावर मांडणी पुरी झालीय. घड पोटाची बाजू वर करून एकावर एक लागलेत, खाली ओलं फडकं. धाकटा ओट्याच्या कडेवर खोका ठेवतो आणि सुतळीची गाठ सोडायला लागतो. गाठ घट्ट आहे, तो दातांनी ओढतो. आतला वर्तमानपत्राचा कागद बाजूला करून दोन घड काढतो. काल दुपारी टोकाच्या ओळीतून आम्ही दोघांनी उतरवलेले. देठ अजून हिरवा, मण्यांवर साय जशीच्या तशी.

मावशी हात पुसून पुढे होते. एक घड देठाला धरून उचलते, दिव्याकडे न नेता दाराकडून येणाऱ्या उन्हाकडे धरते. फिरवते. कात्री हातात घेते आणि परत ठेवते.

"काही कापायचं नाही यात," ती म्हणते.

धाकट्याच्या चेहऱ्यावर पहाटेपासून पहिल्यांदा काहीतरी सैल होतं.

"चाखायला आणलेत मावशी. नातवंडांना न्या."

"नातवंडांना नंतर," ती म्हणते आणि दोन्ही घड आपल्या ढिगाच्या माथ्यावर ठेवते. "अजून भवानी झाली नाही माझी."

शाळेच्या गणवेशातली सात-आठ वर्षांची मुलगी आजीचा हात धरून येते. पाठीवर दप्तर, दोन वेण्या. आजी भाव विचारते, जास्त आहे म्हणते, पुढे जायला निघते. मुलगी जागची हलत नाही. तिची नजर माथ्यावरच्या घडांवर आहे. मावशी त्यातला एक मणी तोडून तिच्या तळहातावर ठेवते. मुलगी तो तोंडात टाकते, गालाच्या एका बाजूला धरते, मग चावते. डोळे मिटतात, उघडतात.

"गोड आहे," ती आजीला सांगते.

दोन्ही घड वजनकाट्यावर जातात. आजी पैसे मोजून देते, पिशवी घेते, आणि दोघी गर्दीतून मनोऱ्याखालून पलीकडच्या दाराकडे चालू लागतात. जाता जाता मुलगी पिशवीत हात घालते.

धाकटा त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत बघत राहतो. पंचवीस वर्षं त्याने बाग केली. माल टेम्पोत चढला की त्याच्यापुरता तो संपायचा. खाणारं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मावशी हातातल्या नोटा कपाळाला लावते. मग त्या धाकट्यापुढे धरते.

"घे. तुझ्या मालाची भवानी आहे."

तो नको म्हणतो. ती हात मागे घेत नाही. शेवटी तो दोन्ही हातांनी नोटा घेतो, कपाळाला लावतो, आणि वरच्या खिशात पट्टीशेजारी ठेवतो.